चिमूटभर पुडीत दहा गुंठे

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी सच्छिद्र सिलिकाच्या नॅनोकणांचा ओझरता उल्लेख केला होता. वाळू ज्या द्रव्याची, त्याच द्रव्याचे, पण आतून छिद्राछिद्रांचे असे अतिसूक्ष्म गोळे, आणि त्यांत औषध भरता येतं, एवढंच मी लिहिलं होतं. त्या चार ओळींवर इतकी पत्रं आली की या वेळचा सगळा स्तंभ त्यांनाच देते आहे. रत्नागिरीच्या कॉलेजात मी २९ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, आणि त्यातली बरीच वर्षं याच पांढऱ्या पुडीमागे गेली. आता वेंगुर्ल्याजवळ राहते. पत्रं वाचताना जुन्या वह्या पुन्हा काढल्या.

प्रश्न: मी चिपळूणला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी एमसीएम-४१ या सच्छिद्र सिलिकेचे नॅनोकण केले. कृती अशी: १ ग्रॅम सीटॅब ४८० मिलिलिटर पाण्यात, त्यात दोन मोलर कॉस्टिक सोडा साडेतीन मिलिलिटर, ८० अंशांवर तापवून ५ मिलिलिटर टीईओएस थेंबाथेंबाने, मग दोन तास ढवळलं. गाळली, धुतली, रात्रभर १०० अंशांवर वाळवली. पांढरीशुभ्र पूड मिळाली. पण तपासायला पाठवली तर पृष्ठफळ ग्रॅममागे फक्त ४० चौरस मीटर आलं. सगळीकडे १००० लिहिलेलं असतं. सर म्हणतात, पुन्हा कर. काय चुकलं तेच कळत नाही, तर पुन्हा काय करू?

उत्तर: तुझं पत्र मी दोनदा वाचलं. प्रमाणं बरोबर आहेत, जगभर हीच वापरतात. तू वाळवण्यापर्यंत सगळं नीट लिहिलं आहेस आणि तिथेच थांबली आहेस. भाजल्याचा कुठे उल्लेख नाही. माझी खात्री आहे की साचा, म्हणजे सीटॅब, अजून आतच आहे.

इतर वाचकांसाठी जरा मागून सांगते. चिव्याच्या काठ्यांची एक मोळी उभी करा. तिच्या फटींतून कुंभाराकडची पातळ माती ओता, वाळू द्या आणि सगळं भट्टीत घाला. चिवे जळून जातील, माती भाजून पक्की होईल, आणि जिथे जिथे काठी होती तिथे आरपार भोक राहील. एमसीएम-४१ असंच होतं. काठ्यांच्या जागी सीटॅब. हा साबणासारखा पदार्थ आहे. त्याच्या रेणूचं डोकं पाण्यात रमतं आणि सोळा कार्बनांची शेपटी पाण्यापासून पळते. पुरेसे रेणू जमले की शेपट्या आत आणि डोकी बाहेर अशा त्यांच्या कांड्या बनतात, आणि त्या कांड्या मधाच्या पोळ्यासारख्या षटकोनी मांडणीत एकमेकींना खेटून उभ्या राहतात. मातीच्या जागी टीईओएस, म्हणजे सिलिका देणारा द्रव. सोड्याच्या पाण्यात तो फुटतो, त्यातून अल्कोहोल सुटतं आणि सिलिका तयार होते. सिलिकावर ऋण भार, सीटॅबच्या डोक्यावर धन भार, म्हणून सिलिका बरोबर त्या कांड्यांभोवतीच बसते. थेंब पडायला लागले की काही मिनिटांत चंबूतलं नितळ पाणी दुधाळ होतं. ते तू पाहिलं असशीलच. माझ्या विद्यार्थ्यांना मी त्या वेळी बाकीचं काम थांबवून तिकडे बघायला लावायची.

आता तुझी पूड. धुण्याने वरचा सीटॅब जातो, आतला जात नाही. १०० अंशांवर पाणी उडतं, सीटॅब हलतही नाही. म्हणजे तुझ्याकडे चिव्यांसकट माती आहे. पृष्ठफळ मोजतात ते नायट्रोजनचा वायू पुडीला किती चिकटतो त्यावरून. तो आत शिरणार कुठून? मोजणाऱ्या यंत्राला कणांचं फक्त बाहेरचं अंग दिसलं, ते ४० भरलं.

पूड टाकून देऊ नकोस आणि प्रयोग पुन्हा करू नकोस. मफल फर्नेसमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या भट्टीत ठेव, मिनिटाला १ अंश याहून घाई न करता ५५० अंशांपर्यंत ने. त्याला जवळपास नऊ तास लागतात. मग पाच-सहा तास तिथेच राहू दे, हवा खेळती असू दे. आधी आणि नंतर वजन कर. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वजन घटलं पाहिजे. इन्फ्रारेड वर्णपटात २९२० आणि २८५० ला सीटॅबच्या शेपट्यांची दोन शिखरं दिसतात, ती गेली की आत काही उरलं नाही. कणांना पुढे औषधासाठी वगैरे वापरायचं असेल तर भाजण्याने ते एकमेकांना चिकटतात. तेव्हा अल्कोहोलात थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घालून उकळवून सीटॅब काढतात. तुझ्या प्रकल्पाला भट्टी पुरे.

घाई करू नकोस असं म्हणते, कारण माझी पहिली खेप मी घाईने घालवली. भट्टी एकदम वर नेली, मध्ये वीज गेली, जून महिना होता, पहाटे आली. सकाळी भट्टीतल्या भांड्यात राखाडी पूड होती. सीटॅब जळण्याऐवजी करपला होता आणि छिद्रांत कोळसा बसला होता. पुन्हा हवेत सावकाश भाजल्यावर ती पांढरी झाली, पण आकडा मनासारखा आला नाही.

दुसरं नुकसान मला जास्त लागलं. चांगली भाजलेली, मोजलेली पूड मी मे महिन्यात साध्या झाकणाच्या बाटलीत कपाटात ठेवली आणि ऑक्टोबरात पुन्हा मोजली. पृष्ठफळ निम्म्याखाली आलं होतं. एमसीएम-४१च्या छिद्रांमधली भिंत जेमतेम १ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, एवढीच जाड असते. आपल्याकडच्या पावसाळी हवेत छिद्रांमध्ये पाणी जमतं आणि ते महिनोन्‌महिने त्या भिंती खात राहतं. हे कोणत्याच कृतीत लिहिलेलं नसतं, कारण कृती लिहिणारे कोकणात राहत नाहीत. भाजून झाल्या झाल्या पूड डेसिकेटरमध्ये, म्हणजे आत ओल न येऊ देणाऱ्या बंद भांड्यात ठेव. तपासायला पाठवताना बाटलीचं तोंड पक्कं बंद कर आणि मोजण्याआधी निर्वातात १५० अंशांवर रात्रभर सुकवायला सांग. नाहीतर तू भाजूनही आकडा कमीच येईल आणि दोष पुन्हा कृतीवर जाईल.

१००० चौरस मीटर म्हणजे किती ते आपल्या मापात सांगते. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. तेव्हा १ ग्रॅम पुडीत, चमच्यात मावेल एवढ्यात, दहा गुंठे जागा. छिद्रं केवढी? असोला नारळ घ्या, वीतभर. तो म्हणजे १०० नॅनोमीटरचा एक कण असं धरलं, तर त्यावरचं एकेक छिद्र मिरीचा दाणा जेमतेम शिरेल एवढं, म्हणजे अडीच नॅनोमीटरचं. अशी छिद्रं शेकड्यांनी आणि आत खोलवर गेलेली. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो.

हे एमसीएम-४१ अमेरिकेतल्या मोबिल या तेल कंपनीच्या संशोधकांनी १९९२ साली जाहीर केलं. त्यांना खनिज तेलातले मोठे रेणू तोडायचे होते आणि तोवरच्या झिओलाइटांची, म्हणजे बारीक छिद्रांच्या खनिज स्फटिकांची, छिद्रं त्या रेणूंना पुरत नव्हती. जपानमध्ये १९९० साली एका थरांच्या सिलिकेटापासून जवळपास अशीच वस्तू झाली होती. गोल, एकसारख्या आकाराचे सिलिका कण करायची रीत त्याहून जुनी, श्टोबर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांची, १९६८ची. पण ते कण आतून भरीव. तुझ्या चंबूत या दोन्ही वाटा एकत्र आल्या आहेत.

आणखी एक, आणि हे मी कळकळीने सांगते. धुतलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नकोस. सीटॅब पाण्यातल्या जिवांना फार विषारी आहे. तुमच्या कॉलेजचं गटार कुठल्या पऱ्ह्याला मिळतं आणि तो पऱ्ह्या वाशिष्ठीला कुठे मिळतो, हे तू स्वतः जाऊन बघ. पाणी कॅनमध्ये साठव आणि घातक कचऱ्यात दे. टीईओएसची वाफही डोळ्यांना आणि फुप्फुसांना बाधते, तेव्हा फ्यूम हूडशिवाय, म्हणजे वाफ बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटाशिवाय, बाटली उघडायची नाही.

प्रश्न: आमच्या बचतगटाचा वेंगुर्ल्यात काजूगर भरण्याचा व्यवसाय आहे. पाकिटात ओल धरू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्या टाकतो. तुम्ही लिहिता ती सिलिका हीच का? आणि पुडी फुटून गरांत पडली तर विष होतं का?

उत्तर: द्रव्य तेच, घडण वेगळी. जेलमधली छिद्रं वेडीवाकडी, लहानमोठी, जांभ्या दगडासारखी. एमसीएम-४१ची एका मापाची, ओळीत. ओल शोषायला जेल पुरते, त्यासाठी महागाचं काही नको. पृष्ठफळही तिचं थोडंथोडकं नाही, ग्रॅममागे ६०० ते ८०० चौरस मीटर असतं.

पांढरी जेल विषारी नाही. गर वेचून, झटकून घ्या, फक्त लहान मुलाच्या घशात खडे जाऊ देऊ नका. निळे खडे मात्र खाण्याच्या जिनसांजवळ ठेवूच नका. त्यांना कोबाल्ट क्लोराइडचा रंग असतो, कोरडे असताना निळे आणि ओले झाले की गुलाबी, आणि कोबाल्ट शरीराला घातक आहे. खाद्यपदार्थांत ठेवण्याजोग्या म्हणून छापलेल्या पांढऱ्या पुड्याच घ्या. पावसाळ्यात पुड्यांचा मोठा डबा उघडा राहिला तर त्या पाकिटात जाण्याआधीच हवेतल्या ओलीने भरून जातात. तुमचा तोटा बहुतेक तिथेच होत असेल. डबा घट्ट लावा आणि एका वेळी तासाभराला लागतील तेवढ्याच पुड्या बाहेर काढा.

प्रश्न: माणगाव खोऱ्यात माझी भातगिरण आहे. मागे तुसाचा ढीग पडून असतो. शहरातल्या एका संस्थेचे लोक येऊन गेले. म्हणाले, तुसापासून नॅनो-सिलिका करायचं प्रशिक्षण देतो, ४० हजार फी, यंत्र वेगळं, माल आम्ही उचलू. तुमचं लिहिलेलं वाचलं आणि वाटलं, खरंच होत असेल. पैसे भरू का?

उत्तर: होतं हे खरं आहे. पैसे भरू नका हेही तितकंच खरं आहे. दोन्ही नीट सांगते.

माझी आजी तुसाची राखुंडी करायची. खळ्याच्या कडेला तुसाचा ढीग, मध्ये निखारे, वरून पुन्हा तूस. दीड दिवस तो ढीग आतल्या आत धुमसायचा. वरची काळी राख दात घासायला, आतली पांढरी भांड्यांना. ती पांढरी राख मी पहिल्यांदा भिंगाखाली धरली तेव्हा थक्क झाले. तूस जळून गेलं होतं, पण तुसाचा आकार जसाच्या तसा होता, टोकेरी होडीसारखा, त्यावरच्या उभ्या रेघांसकट. बोटाने दाबला की त्याचं पीठ. ते सगळं सिलिका. भाताचं रोप मुळांतून पाण्याबरोबर विरघळलेली सिलिका घेतं आणि पानांच्या कडांत नि तुसांत ती साठवतं. बेणणी करताना पात हातावरून सरकन फिरते आणि बारीक रक्ताची रेघ उमटते, ती याच सिलिकेमुळे.

हिशेब असा. १०० किलो भातामागे साधारण २० किलो तूस निघतं. ते जाळलं की ४ किलोच्या आसपास राख, आणि नीट जळली असेल तर तिच्यात साडेतीन किलोच्या जवळपास सिलिका. ती कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळली की विरघळून सोडियम सिलिकेट होतं. गाळून घ्यायचं, वर काळा गाळ राहतो. मग सावकाश आम्ल घालत गेलं की सिलिका पांढऱ्या खळीसारखी खाली बसते. त्यातच सीटॅब घातलं तर टीईओएसवाचूनही एमसीएम-४१ तयार होतं. टीईओएस महाग, म्हणून जगभर तुसावर इतकं काम झालेलं आहे. मी स्वतः विद्यार्थ्यांकडून करून घेतलं आहे.

मेख जाळण्यात आहे. तूस तसंच जाळलं तर त्यातलं पोटॅशियम वितळतं, सिलिकेवर त्याची साय धरते आणि कोळसा आत अडकतो. राख कितीही जाळा, काळपटच राहते. म्हणून आधी पातळ आम्लात तूस उकळून धुवावं लागतं. मग ६०० ते ७०० अंशांत जाळायचं. त्याच्या बरंच वर गेलं तर सिलिकेचे स्फटिक बनतात. ती राख सोड्यात नीट विरघळत नाही आणि तिची धूळ फुप्फुसांना धोक्याची. उघड्या ढिगात कुठे किती अंश आहेत ते कळत नाही. म्हणजे आम्लाच्या टाक्या, ताबा ठेवता येणारी भट्टी, धुतलेल्या आम्लाची आणि सोड्याच्या पाण्याची विल्हेवाट, आणि शेवटी खेपेगणिक पृष्ठफळ मोजून देणारी प्रयोगशाळा. यातलं शेवटचं नसेल तर तुमच्या पुडीला कुणी नॅनो म्हणून भाव देणार नाही. हा ४० हजारांत आणि आठवड्याच्या शिबिरात बसणारा व्यवसाय नव्हे.

'माल आम्ही उचलू' हे लेखी मागा. किती किलो, काय भाव, कुठल्या चाचणीवर, आणि नाकारला तर काय. देणार नाहीत असं मला वाटतं. तोवर तुसाचा खरा उपयोग जवळचाच आहे. वीटभट्टीला आणि बॉयलरला ते जळण म्हणून जातं, आणि नीट जळलेली, दळलेली राख सिमेंटमध्ये थोड्या प्रमाणात मिसळली की काँक्रीट घट्ट होतं, खारं पाणी कमी झिरपतं. किनाऱ्यावरच्या बांधकामांना हा गुण मोलाचा. तुमच्या भागातल्या गिरणीवाल्यांनी एकत्र येऊन एक नीट भट्टी उभारली तर मी स्वतः येऊन बघीन आणि जमेल ती मदत करीन.

प्रश्न: कासार्ड्याच्या बाजूला सिलिका वाळू धुण्याच्या कामावर आहे. तीही सिलिकाच ना? मग तुमची औषधाची सिलिका आणि आमची वाळू यांत फरक काय? वर्षभर खोकला आहे.

उत्तर: फरक मोठा आहे, पण खोकला आधी. उद्याच सरकारी दवाखान्यात जा, छातीचा एक्स-रे काढा, आणि 'मी सिलिका वाळूत काम करतो' हे वाक्य डॉक्टरांना स्वतःहून सांगा. नाही सांगितलं तर खोकल्याचं दुसरंच कारण धरलं जाण्याचा धोका असतो. सिलिकोसिस, म्हणजे सिलिकेच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार, आणि क्षय एक्स-रेमध्ये सारखे भासू शकतात, आणि सिलिकोसिस झालेल्याला क्षय लवकर धरतो.

तुमची वाळू म्हणजे क्वार्ट्झ, स्फटिकरूप सिलिका. अणू घट्ट, एका शिस्तीत रचलेले. ती दळली किंवा चाळली की उडणारी बारीक धूळ फुप्फुसात जाते आणि विरघळत नाही, तिथे व्रण करत राहते. ते व्रण भरून येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९७ सालीच श्वासातून जाणाऱ्या अशा स्फटिकी धुळीला कर्करोगकारक ठरवलं आहे. प्रयोगशाळेतली सच्छिद्र सिलिका अस्फटिक असते आणि शरीरात सावकाश विरघळते. तरी तिची कोरडी पूडसुद्धा आम्ही मास्क लावूनच हाताळायचो. काम ओलं ठेवा. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. धुळीसाठीचा एन-९५ मास्क मुकादमाकडे मागा, तो देणं मालकाचं कर्तव्य आहे.

प्रश्न: हर्णैला आमचा ट्रॉलर आहे. नॅनो-सिलिकाच्या रंगाने लोखंड गंजत नाही म्हणतात. खरं का?

उत्तर: कल्पना चांगली आहे. छिद्रांत गंजविरोधी द्रव्य भरतात आणि ते कण रंगात मिसळतात. रंगाला चरा गेला, खारं पाणी आत शिरलं आणि तिथलं आम्ल-अल्क बदललं की द्रव्य नेमकं त्याच जागी बाहेर येतं. प्रयोगशाळेत याचे चांगले निकाल आले आहेत. पण डब्यावर नुसतं 'नॅनो' छापलेल्या रंगात हे असेलच असं नाही. आत कुठलं गंजविरोधी द्रव्य आहे असं दुकानदाराला विचारा. नाव सांगता आलं नाही तर जादा पैसे देऊ नका. जुना गंज पुरता खरवडणं, चांगला प्रायमर आणि सुकाणूजवळच्या जस्ताच्या पट्ट्या वेळेवर बदलणं, यावर आधी खर्च करा.

प्रश्न: राजापूर तालुक्यातून लिहिते आहे. बाबांना आतड्याचा कॅन्सर आहे, मुंबईत केमो चालू आहे. दर खेपेनंतर फार हाल होतात. गावात एकाने बाटली दिली, तीन हजारांची. म्हणतो, यात सिलिकाचे नॅनोकण आहेत, ते औषध थेट गाठीवर नेतात, रोज वीस थेंब घेतले की केमोची गरज नाही. तुम्ही या कणांबद्दल चांगलं लिहिलं होतंत. देऊ का?

उत्तर: मुली, बाटली देऊ नकोस आणि केमो थांबवू नकोस. माझ्या त्या चार ओळींमुळे तुला वेगळं काही वाटलं असेल तर ते दुरुस्त करणं माझं काम आहे, म्हणून हे उत्तर मी सगळ्यात आधी लिहिलं आणि संपादकांकरवी तुला लगेच पत्रानेही कळवलं.

त्या माणसाच्या बोलण्यात खऱ्याचा एक तुकडा आहे, म्हणूनच ते पटतं. २००१ साली माद्रिदच्या विद्यापीठात मारिया वालेत-रेगी यांनी एमसीएम-४१च्या छिद्रांत आयबुप्रोफेन हे साधं वेदनाशामक भरलं आणि ते सावकाश बाहेर येतं हे दाखवलं. मघाच्या नारळाच्या मापात आयबुप्रोफेनचा रेणू मोहरीएवढा, मिरीच्या छिद्रात सहज मावणारा. २००३ साली अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठात व्हिक्टर लिन यांच्या गटाने त्या छिद्रांना झाकणं बसवली. झाकण ज्या दुव्याने धरलेलं असतं तो दुवा पेशीच्या आत असणाऱ्या रसायनांनीच तुटतो. म्हणजे पेशीबाहेर औषध बंद, आत गेलं की मोकळं. पुढे आम्लाने उघडणारी, प्रकाशाने उघडणारी अशी झाकणं निघाली. कॅन्सरच्या गाठीभोवती आम्लता जास्त असते, तिचा असा उपयोग करायचा प्रयत्न चालू आहे. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे आणि आशाही आहे.

पण हे काम बहुतांशी पेशींवर आणि उंदरांवर झालेलं आहे. शिरेतून दिलेले कण शरीरात गेले की त्यांतले पुष्कळसे यकृत आणि प्लीहा पकडून ठेवतात, गाठीपर्यंत थोडेच पोचतात. उंदरांत जेवढे पोचतात तेवढे माणसात पोचत नाहीत, हीच आजची मोठी अडचण आहे. आणि तोंडाने घेतलेले थेंब? ते पोटात जातात. कण आतड्याची भिंत ओलांडून, रक्तात शिरून, गाठ शोधून काढत नाहीत. सच्छिद्र सिलिकेचे कण केमोच्या जागी देता येतील अशी मान्यता मिळालेली कुठलीही उपचारपद्धत आज नाही.

ती बाटली घेऊन पुढच्या खेपेला मुंबईच्या डॉक्टरांकडे जा. ओरडतील या भीतीने लपवू नकोस. आधी काही थेंब दिले गेले असतील तर तेही सांग. बाटलीत नुसतं पाणी आहे की आणखी काही, हे कोणालाच माहीत नाही, आणि केमो चालू असताना यकृतावर दुसरा भार नको. हाल होतात त्याबद्दलही डॉक्टरांशी स्पष्ट बोल: उलट्या किती वेळा, कधी सुरू होतात, पोटात काय टिकतं. रोजच्या रोज वहीत लिहून ने. उलटीवरची औषधं बदलता येतात, मात्रा बदलता येतात, पण वहीशिवाय त्यांना त्या दहा मिनिटांत घरातलं काही दिसत नाही. माझ्या यजमानांच्या आजारपणात मी हे उशिरा शिकले.

प्रश्न: मी आंजर्ल्याला नववीत आहे. असे छिद्रांचे कण निसर्गात असतात का? आमच्या शाळेत एक मायक्रोस्कोप आहे. त्यात दिसतील का?

उत्तर: असतात, आणि तुझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असतात. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो तेव्हा त्यावर कधी सोनेरी-तपकिरी साय दिसते, उन्हात तिच्यात बारीक बुडबुडे येतात. ती साय म्हणजे डायटम नावाच्या एकपेशी शैवालांची वस्ती, आणि बुडबुडे त्यांनी सोडलेल्या प्राणवायूचे. प्रत्येक डायटम सिलिकेच्या पारदर्शक डबीत राहतो. डबीला खालचा भाग आणि वरचं झाकण असतं, आणि दोन्हींवर ओळीने छिद्रं. एका पेशीची डबी नॅनो नव्हे, त्याहून शेकडो पटींनी मोठी, पण छिद्रं नॅनोमीटरांत मोजावी अशी असतात. आम्हाला ८० अंश, सोडा आणि सीटॅब लागतं. डायटम हे काम खाडीच्या साध्या पाण्यात, स्वतःच्या प्रथिनांच्या मदतीने करतो.

आणि त्याला सिलिका मिळते कुठून? तुमच्या घराच्या जांभ्यातून, असं म्हटलं तरी चालेल. पावसाने खडक लाखो वर्षं धुतला, त्यातली सिलिका विरघळून गेली, लोखंड आणि अॅल्युमिनियम मागे राहिलं, तोच लाल जांभा. वाहून गेलेली सिलिका नदीतून खाडीत येते.

बघायचं असं. ओहोटी लागली की मोठ्या माणसाला घेऊन जा, एकटा नको, चिखलात पाय रुततो. वरची साय चमच्याने उचलून बशीत पसर. तिच्यावर पातळ टिश्यू कागदाचा तुकडा ओला करून अंथर आणि बशी खिडकीत उजेडात ठेव. डायटम उजेडाकडे सरकतात. तास-दोन तासांत ते कागदातून वर येतात आणि चिखल खाली राहतो. कागद चिमट्याने उचलून काचपट्टीवर थेंबभर पाण्यात झटक, वर कव्हर स्लिप ठेव. आधी लहान भिंगाने शोध, मग ४०० पटीवर ये. होडीसारखे डायटम वल्ह्यांशिवाय सरकताना दिसतील, थांबतील, उलटे जातील. त्यांच्या अंगावर बारीक आडव्या रेघा दिसतात, ती छिद्रांची रांग. एकेक छिद्र शाळेच्या मायक्रोस्कोपमध्ये सुटं दिसणार नाही, त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. दिसतील तेवढ्यांची पेन्सिलीने चित्रं काढ, होडीसारखे किती, गोल किती, काडीसारखे किती ते मोज, आणि कुठल्या तिथीच्या ओहोटीला साय आणलीस ते लिहून मला पाठव.